उपग्रह आणि रॉकेट लाँच बघायला सुरुवात कशी करायची: अगदी नवीन लोकांसाठी

उपग्रह बघायला दुर्बीण लागत नाही, हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडतात आणि टेलिस्कोप घेतला की बघू म्हणून विषय बाजूला ठेवतात. इंटरनॅशनल स्पेस स्टेशन नुसत्या डोळ्यांनी दिसतं, भर शहरातून दिसतं, समोर रस्त्यावरचे दिवे चालू असले तरी दिसतं, आणि पास, म्हणजे आपल्या आकाशातून जाणारी त्याची एक फेरी, चांगला असेल तर शुक्राच्या तोडीचं झगझगीत दिसतं. फक्त कुठल्या मिनिटाला कुठल्या दिशेला बघायचं हे माहीत पाहिजे. हा सगळा छंद म्हणजे वेळ आणि सावली यांचा हिशोब आहे. तो एकदा डोक्यात बसला की स्टेशन, रॉकेट, स्टारलिंकची माळ (स्पेसएक्सच्या इंटरनेट उपग्रहांची रांग), जळत खाली येणारा कचरा, हे सगळं एकाच नियमाने समजायला लागतं. म्हणून आधी तेच घेऊ, ॲप आणि कॅमेरा नंतर.

सावलीचं गणित

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याला दिसतो तो त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश. आपल्याकडे सूर्य मावळला तरी ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतंच, त्यामुळे संध्याकाळी काही वेळ असा मिळतो की आपण अंधारात आणि उपग्रह उन्हात. पहाटे सूर्योदयाच्या आधी पुन्हा तसाच वेळ मिळतो. या दोन्ही अटी एकदम पूर्ण झाल्या तरच तो दिसणार, एक जरी चुकली तरी डोक्यावरून जाऊनही दिसणार नाही. म्हणून साधारण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत आणि पहाटे सूर्योदयाआधी तेवढाच वेळ, एवढाच आपला धंद्याचा टाइम. मध्यरात्री कमी उंचीवरचे बहुतेक सगळे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात. जे जास्त उंचावर आहेत ते रात्री उशिरापर्यंत दिसतात, आणि ध्रुवांकडच्या देशांत उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फारसा जातच नाही म्हणून तिथले लोक एका रात्रीत स्टेशन चार-पाच वेळासुद्धा बघतात.

आणखी एक गोष्ट नवीन माणसाला चक्रावते. आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी स्टेशन दिसतं, मग एकदम गायब, मग काही दिवसांनी पहाटे दिसायला लागतं. काही बिघडलेलं नसतं. स्टेशनच्या कक्षेचं प्रतल रोज साधारण ५ अंश पश्चिमेकडे सरकतं, आणि सूर्याच्या हिशोबाने बघितलं तर सुमारे ६० दिवसांत एक चक्कर पूर्ण होते, म्हणून संध्याकाळचा सीझन आणि पहाटेचा सीझन असे आलटून पालटून येतात. हे माहीत असलं की "ॲपमधे पुढचे दहा दिवस काहीच दाखवत नाहीये" म्हणून ॲप डिलीट करायची वेळ येत नाही.

पहिली पायरी: सुरुवात स्टेशनपासूनच करा

दुसऱ्या कशाच्याही मागे लागू नका. स्पेस स्टेशन १०९ मीटर लांब आहे, सोलर पॅनल प्रचंड आहेत, आणि सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने ९२-९३ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी मारतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली आहे, त्यामुळे जगातली बहुतेक वस्ती त्याच्या टप्प्यात येते. पहिला भाग झार्या २० नोव्हेंबर १९९८ ला गेला, आणि २ नोव्हेंबर २००० पासून आजपर्यंत त्यात माणूस नाही असा एक दिवस गेलेला नाही. म्हणजे तुम्ही जो ठिपका बघताय त्यात त्या क्षणी माणसं आहेत, ही गोष्ट मला अजूनही दरवेळी तितकीच थरारक वाटते. २०३० च्या आसपास स्टेशन निवृत्त करून पॅसिफिकमधे पाडायचा प्लॅन आहे, तेव्हा बघायचं पुढे ढकलू नका.

दुसऱ्या नंबरला चीनचं तियानगोंग. त्याचा मुख्य भाग तियानहे २९ एप्रिल २०२१ ला गेला, कक्षा ४१.५ अंश कललेली, तेज स्टेशनपेक्षा कमी पण डोळ्यांना आरामात दिसतं. हबल दुर्बीण १९९० पासून वर आहे पण तिची कक्षा फक्त २८.५ अंश कललेली, त्यामुळे विषुववृत्तापासून फार लांब राहणाऱ्यांना ती दिसतच नाही, बाकीच्यांनी जरूर बघावी.

दुसरी पायरी: वेळ काढणं

हेवन्स अबव्ह ही वेबसाइट आणि तिचं ॲप यासाठी वर्षानुवर्षं वापरलं जातं, मी पण तेच सुचवेन. स्टेलॅरियम या ॲपमधे ताऱ्यांच्या नकाशावरच उपग्रहाची वाट दिसते, तेही छान. एनटूवायओ (N2YO) ही वेबसाइट पण चांगली आहे, फक्त तिथे लक्ष ठेवा, कारण दुपारचे आणि सावलीतले सगळेच पास यादीत दाखवता येतात, रेडिओवाल्यांना ते लागतात पण डोळ्यांना त्यांचा काही उपयोग नाही. आपल्याला फक्त "दिसणारे" पास पाहिजेत, तो फिल्टर लावून घ्या.

सुरुवातीला ज्यांना काही दिसत नाही त्यांच्यापैकी बहुतेकांचं बिघडलेलं असतं ते आकाशात नाही तर सेटिंगमधे. लोकेशन भलतंच राहिलेलं असतं, किंवा टाइम झोन आपल्या वेळेऐवजी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो, किंवा ५:४० पहाटेचे असतात आणि माणूस संध्याकाळी उभा राहतो. २४ तासांचं घड्याळ लावून टाका, हा शेवटचा गोंधळ कायमचा संपतो.

सगळे अंदाज ज्या आकड्यांवर चालतात त्यांना टीएलई म्हणतात, म्हणजे एका वस्तूची कक्षा सांगणाऱ्या दोन ओळी, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या. प्रत्येक वस्तूला कॅटलॉग नंबर असतो, स्टेशनचा २५५४४, हा पाठच करून ठेवा कारण शोधायला नावापेक्षा नंबर बरा पडतो. सेलेसट्रॅक या वेबसाइटवर हे टीएलई कोणालाही मिळतात. मुद्दा असा की हे आकडे शिळे होतात. स्टेशनच्या उंचीवर विरळ का होईना हवा आहे, तिच्या घासण्याने ते हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावं लागतं, आणि एकदा ढकललं की आठवड्यापूर्वी काढलेली वेळ चुकते, कधी काही सेकंदांनी तर कधी मिनिटांनी. त्यामुळे महिन्याचं वेळापत्रक प्रिंट करून भिंतीला लावण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी पुन्हा बघून घ्या.

तिसरी पायरी: एक पास नीट वाचायला शिका

इथे जरा थांबू, कारण हे एक जमलं की बाकी सगळं जमतं. समजा आजची ओळ अशी आहे: सुरुवात १९:१२:४०, १० अंश, वायव्य. सर्वात उंच १९:१५:५५, ६४ अंश, ईशान्य. शेवट १९:१७:००, ३७ अंश, पूर्व-आग्नेय. मॅग्निट्यूड उणे ३.४.

मॅग्निट्यूड उलटा चालतो, आकडा जितका कमी तितका उजेड जास्त, आणि ५ मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे १०० पट. अभिजित साधारण शून्य, व्याध उणे दीड, शुक्र उणे चारच्या आसपास. म्हणजे आपला हा पास आकाशातल्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा तेजस्वी असणार.

अंश मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करा, मूठ आवळा, मुठीची रुंदी साधारण १० अंश, करंगळीची जाडी साधारण १ अंश. क्षितिजावर एकावर एक मुठी ठेवत गेलं की ६४ अंश म्हणजे सहा मुठींच्या थोडं वर. नवीन लोकांनी ४० अंशांच्या वर जाणारेच पास धरावेत, कारण खालच्या २० अंशांत इमारती, झाडं आणि धुरकट हवा बरंच काही गिळून टाकते.

आता १९:१० ला बाहेर या, वायव्येकडे तोंड करा. १९:१२:४० ला लगेच काही दिसेलच असं नाही, कारण त्या वेळी स्टेशन तुमच्यापासून जवळपास १,५०० किलोमीटर लांब असतं आणि फिकट असतं. एखाद मिनिटात एक पांढरट ठिपका वर सरकताना दिसेल, लुकलुकत नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही, वेग एकसारखा. मग तो चढत जातो आणि वाढत जातो, ६४ अंशांवर येतो तेव्हा अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास उरलेलं असतं आणि वेग असा असतो की एक मूठभर अंतर तो साधारण दहा-बारा सेकंदांत पार करतो. गंमत म्हणजे संध्याकाळच्या पासला बऱ्याचदा सगळ्यात जास्त तेज अगदी माथ्यावर नसतं, जरा पुढे पूर्वेकडे गेल्यावर असतं, कारण सूर्य पश्चिमेला आणि स्टेशन पूर्वेला असलं की त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे जास्त येते.

आणि मग शेवट. ३७ अंश म्हणजे क्षितिज नव्हे, अजून बरंच वर. तरी तिथेच पास संपतो, कारण तिथे स्टेशन पृथ्वीच्या सावलीत शिरतं. डोळे त्याच्यावर ठेवा. पांढरा ठिपका पिवळट होतो, मग तांबूस, मग काही सेकंदांत विझतो, आणि मोकळ्या आकाशाच्या मधोमध काहीच उरत नाही. त्या क्षणी स्टेशनवरची माणसं खिडकीतून सूर्यास्त बघू शकतात, आणि त्यांच्या त्या सूर्यास्ताचा लाल रंगच आपल्याला इथे खाली दिसत असतो. दुर्बिणीतून हा रंगबदल आणखी स्पष्ट दिसतो. पहाटेच्या पासला उलटं होतं, सावलीतून बाहेर येताना ठिपका अचानक अधांतरी पेटतो, म्हणून पहाटे क्षितिजाकडे बघत न बसता ओळीत दिलेल्या उंचीवरच नजर ठेवायची.

एक छोटी सूचना, ताऱ्यांचा नकाशा कागदावर बघाल तर त्यात उत्तर वर असते आणि पूर्व डावीकडे. ती चूक नाही, तो नकाशा डोक्यावर धरून खालून बघायचा असतो. जमिनीच्या नकाशासारखा वाचलात तर पूर्व पश्चिम उलटी होईल आणि भलतीकडे बघत राहाल.

मग पुढे काय बघायचं

स्टेशन दोन-चार वेळा बघून झालं की त्याच्या आगेमागे बघायला लागा. ड्रॅगन किंवा प्रोग्रेससारखं यान जोडलं जायच्या आधी किंवा सुटल्यावर काही काळ त्याच वाटेवर असतं, एकामागे एक जाणारे दोन ठिपके दिसतात आणि ते दृश्य विसरता येत नाही. अगदी बारीक गोष्टीही सापडतात. नोव्हेंबर २००८ मधे स्पेसवॉक करताना हायडमरी स्टेफनिशिन-पायपर यांच्या हातून अवजारांची बॅग सुटली आणि हौशी लोकांनी ती खालून शोधून तिचा व्हिडिओ काढला. १ नोव्हेंबर २०२३ ला जास्मिन मोघबेली आणि लॉरल ओहारा यांच्या स्पेसवॉकमधे तसंच झालं, ती बॅग स्टेशनच्या काही मिनिटं पुढे चालत होती आणि साध्या बायनॉक्युलरमधून दिसत होती.

स्टारलिंकबद्दल सगळेच विचारतात. पहिले ६० उपग्रह २४ मे २०१९ ला गेले आणि ती उजळ ठिपक्यांची रांग बघून जगभर लोकांनी फोन फिरवले. ही माळ लाँच झाल्यावर पहिले काही दिवसच दिसते. नंतर उपग्रह वर चढत एकमेकांपासून लांब जातात, फिकट होतात, आणि मग ते नुसत्या डोळ्यांना दिसणं मुश्किल. म्हणून लाँचची बातमी आली की पुढचे तीन-चार दिवस संध्याकाळ-पहाट चेक करायची. ऑब्झर्व्हेटरीवाल्यांना या उपग्रहांचा खरा त्रास आहे, फोटोवर रेघा येतात, आणि मला ती तक्रार शंभर टक्के पटते, तरी माळ बघायला मिळाली तर बघून घ्या असंच सांगेन.

जुन्या वाचनात इरिडियम फ्लेअरबद्दल, म्हणजे इरिडियम नावाच्या उपग्रहांवरून येणाऱ्या अचानक चमकेबद्दल, आलं असेल तर त्याच्या शोधात वेळ घालवू नका. पहिल्या पिढीच्या इरिडियम उपग्रहांचे अँटेना आरशासारखे चमकायचे, उणे ८ पर्यंत, पण २०१७ ते २०१९ मधे नवे उपग्रह आले आणि जुने बहुतेक खाली आणले गेले.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पण मजेदार प्रकार म्हणजे मेलेली रॉकेट. यादीत नावापुढे आर/बी लिहिलेलं असतं, म्हणजे रॉकेट बॉडी, उपग्रह सोडून झाल्यावर वर राहिलेली रिकामी टाकी. ती गोल गोल कोलांट्या खात असते, म्हणून ठरावीक वेळाने लखकन चमकते आणि पुन्हा विझते. स्टॉपवॉचने दोन चमकांमधला वेळ मोजा, काही आठवड्यांनी तीच बॉडी पुन्हा मोजा, फरक पडलेला दिसला तर तिचं फिरणं बदलतंय. एवढं साधं काम, पण तुम्ही स्वतः केलेलं मोजमाप.

याच्यासाठी बायनॉक्युलर घ्याच. १०×५० किंवा ७×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमधे. जास्त पॉवरच्या मागे जाऊ नका, हात थरथरतो आणि आकाशाचा तुकडा इतका छोटा दिसतो की पळणारी वस्तू सापडतच नाही. फिकट गोष्टींसाठी डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं द्या आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात.

लाँच बघणं

लाँच बघायचं तर पहिली तयारी मनाची, कारण उड्डाण त्या दिवशी होईलच याची खात्री कोणीच देत नाही. वारा, ढग, एखादा सेन्सर, समुद्रात हद्दीत घुसलेली बोट, काहीही कारण पुरतं आणि स्क्रब होतो, म्हणजे त्या दिवसाचं उड्डाण रद्द. टी मायनसचं, म्हणजे उड्डाणाला किती वेळ उरला ते उलटं मोजणारं घड्याळ मधेच थांबवलं जातं, त्याला होल्ड म्हणतात, म्हणून टी मायनस १० मिनिटं म्हणजे खरोखर दहाच मिनिटं असं धरू नका.

विंडो, म्हणजे ज्या वेळात उड्डाण करता येतं तो कालावधी, किती लांब आहे ते आधी बघा. काही उड्डाणांना तास-दोन तास मिळतात. स्टेशनला जाणाऱ्या यानाला बहुतेक वेळा एक ठरावीक क्षणच असतो, कारण लाँच पॅड पृथ्वीबरोबर फिरत स्टेशनच्या कक्षेच्या प्रतलाखाली येतं तेव्हाच सुटावं लागतं. तो क्षण हुकला की पुढची संधी दुसऱ्या दिवशी साधारण २०-२५ मिनिटं आधी. हेच कारण आहे की स्क्रब झाल्यावर नवी वेळ अशी विचित्र वाटते.

रॉकेट कुठल्या दिशेला जाणार हे कळल्याशिवाय जागा निवडू नका. पूर्वेकडे सोडलं की पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो म्हणून बरीच उड्डाणं पूर्वेकडे असतात, पण ध्रुवीय कक्षेला जाणारी उत्तर किंवा दक्षिणेला जातात. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेला जाणारं इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट श्रीलंका टाळायला आधी आग्नेयेकडे जातं आणि मग दक्षिणेला वळतं. इस्राएल तर शेजारी देशांवरून जायचं टाळायला पश्चिमेकडे, भूमध्य समुद्रावरून सोडतो, सगळ्या जगाच्या उलट. दिशा ओळखायची सोपी युक्ती सांगतो. उड्डाणाआधी विमानांना आणि जहाजांना धोक्याच्या हद्दी कळवल्या जातात, विमानांच्या नोटीसला नोटॅम म्हणतात, त्यातले अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले की रॉकेटच्या वाटेवरचे चौकोन दिसतात, त्यातून रेघ ओढली की झालं.

जवळून बघणार असाल तर अधिकृत जागेवरूनच, आणि बऱ्याच ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं. श्रीहरिकोट्याला २०१९ पासून लोकांसाठी गॅलरी आहे, अमेरिकेत फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हेरलला किनाऱ्यावरून बघता येतं. तिथे गेल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा, आवाज उशिरा येतो. एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद, म्हणजे १२ किलोमीटरवर उभे असाल तर रॉकेट वर गेलेलं दिसतंय आणि अर्धा मिनिट पूर्ण शांतता. मग तो आवाज येतो आणि छातीत जाणवतो. पहिल्या उड्डाणाला कॅमेऱ्यात डोळा घालू नका, नुसतं बघा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

लांबूनही दिसतं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. रॉकेट १०० किलोमीटर उंचीवर पोचलं की मोकळं क्षितिज असेल तर सुमारे १,१०० किलोमीटरवरून ते क्षितिजाला टेकलेलं दिसू शकतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्या अंतरावरून चांगलं दिसतं. रात्री नारिंगी ठिपका हळू चढतो, आडवा सरकत जातो, मधेच काही सेकंद गायब होतो आणि पुन्हा पेटतो. गायब झाला म्हणून आत जाऊ नका, तो पहिला टप्पा सुटून दुसऱ्याचं इंजिन चालू होण्यामधला वेळ असतो.

सगळ्यात सुंदर उड्डाणं संधिप्रकाशातली. खाली अंधार, वर ऊन, तेच सावलीचं गणित. विरळ हवेत धूर प्रचंड पसरतो, त्यावर ऊन पडतं आणि आकाशभर निळसर पांढरा जेलीफिश उभा राहतो. २२ डिसेंबर २०१७ ला कॅलिफोर्नियात वँडनबर्गहून स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट असंच सूर्यास्तानंतर गेलं आणि शेकडो किलोमीटरवर लोक गाड्या थांबवून बघत उभे राहिले. म्हणून वेळापत्रक बघताना लाँचची वेळ तिथल्या सूर्यास्ताशी किंवा सूर्योदयाशी ताडून बघायची सवय लावा. अर्धा-पाऊण तासाचा फरक असेल तर ते उड्डाण अजिबात सोडू नका.

उड्डाण जगाच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी

फ्लोरिडाहून स्टेशनच्या दिशेने निघालेलं यान साधारण २० मिनिटांत पश्चिम युरोपवर असतं, आणि अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या काळात ब्रिटनमधले लोक टीव्हीवर उड्डाण बघून बाहेर यायचे आणि शटल आणि त्याची सुटलेली नारिंगी टाकी शेजारी शेजारी जाताना बघायचे. तेव्हा लाँच आपल्याकडे नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

शिवाय वरचा टप्पा काम झाल्यावर उरलेलं इंधन सोडून देतो. तो फिरत असेल तर ढगाची चकली तयार होते, उन्हात ती चमकते, आणि खाली लोक घाबरून काहीही तर्क लढवतात. १८ जानेवारी २०२३ ला हवाईच्या मौना केआवरच्या सुबारू दुर्बिणीजवळच्या कॅमेऱ्याने असा अप्रतिम सर्पिल टिपला, तो काही वेळापूर्वी जीपीएस उपग्रह घेऊन गेलेल्या फाल्कन ९ चा होता. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान ३ गेलं तेव्हा त्याच्या रॉकेटचा वरचा भाग ऑस्ट्रेलियाच्या आकाशात दिसला. आणि डिसेंबर १९६८ मधे अपोलो ८ ने चंद्राकडे निघायला इंजिन पेटवलं ते हवाईतून दिसलं होतं.

खाली येताना जळणारा कचरा आणि उल्का यात फरक ओळखायला शिका. उल्का बहुतेक वेळा सेकंद-दोन सेकंदांत संपते. कचरा सावकाश जातो, अर्धा-एक मिनिट किंवा जास्त, आणि वाटेत तुकडे होऊन एकामागे एक चालतात. दिसला तर वेळ आणि दिशा लिहा. जमिनीवर काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, त्यात विषारी इंधन असू शकतं, प्रशासनाला कळवा. सप्टेंबर १९६२ मधे स्पुटनिक ४ या सोव्हिएत यानाचा सुमारे ९ किलोचा तुकडा अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावात भर रस्त्यात पडलेला सापडला होता.

फोटो

थोडक्यात. ट्रायपॉड, रुंद लेन्स, १४ ते २४ मिमी, फोकस मॅन्युअल करून एखाद्या ताऱ्यावर आधीच लावलेला. आयएसओ ४०० ते ८००, अपर्चर २.८ ते ४, एक्स्पोजर १०-२० सेकंद, एकामागून एक सलग, आणि नंतर सॉफ्टवेअरमधे एकावर एक. दोन फोटोंमधे गॅप राहिली तर रेघ तुटते, म्हणून कंटिन्युअस मोड. शहरात आकाश पांढरं होत असेल तर एक्स्पोजर कमी करा. रात्रीच्या लाँचची कमान एका फोटोत घ्यायची तर उलट, आयएसओ सगळ्यात कमी, अपर्चर ११ ते १६, आणि शटर दोन-तीन मिनिटं उघडं. मोबाइलचा नाइट मोड ट्रायपॉडवर स्टेशनसाठी पुरतो.

चंद्रासमोरून किंवा सूर्यासमोरून स्टेशन जाताना टिपायचं असेल तर तो पुढचा अभ्यास, अर्ध्या सेकंदाच्या आसपास खेळ संपतो आणि तो दिसणारा पट्टा जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. सूर्याच्या बाबतीत दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर पक्का सोलर फिल्टर असल्याशिवाय डोळा लावायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही, डोळा कायमचा जातो. आणि आकाशात लेझर दाखवून दिशा सांगायची सवय असेल तर ती सोडा, पायलटच्या डोळ्यात गेला तर अपघात होऊ शकतो.

कानाने पण

स्टेशनवर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोक वापरतात तसा रेडिओ आहे आणि तो १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या एफएम रिसीव्हरवर किंवा स्वस्तातल्या यूएसबी एसडीआरवर (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) ऐकू येतो. अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज थेट आपल्या अँटेनावर येतो. यान जवळ येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर सरकते, लांब जाताना तितकीच खाली. ऐकायला ढग आडवे येत नाहीत, दिवसाउजेडी पण चालतं. बोलायचं मात्र लायसन्स घेऊनच, आणि ऐकण्याबद्दल पण आपल्या देशाचा नियम बघून घ्या.

याला कमी लेखू नका. इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे शिक्षक मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे सिग्नल ऐकायचे, १९६६ मधे कॉसमॉस ११२ ची कक्षा जुळेना म्हणून त्यांनी हिशोब केला आणि सोव्हिएत युनियनने जगाला न सांगितलेलं प्लेसेत्स्क लाँच सेंटर उघडकीला आलं. जानेवारी २०१८ मधे कॅनडातल्या स्कॉट टिली या हौशी माणसाला नासाचा हरवलेला 'इमेज' नावाचा उपग्रह पुन्हा सिग्नल देताना सापडला, त्याचा संपर्क २००५ मधेच तुटला होता.

वही ठेवा

पहिल्या दिवसापासून. तारीख, सेकंदापर्यंत वेळ, जागा, कुठल्या ताऱ्याजवळून गेलं, तेज कुठल्या ताऱ्याइतकं, सावलीत कुठे शिरलं. पहिला उपग्रह स्पुटनिक जायच्या आधीच, १९५६ मधे, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतर्फे मूनवॉच हा उपक्रम सुरू केला तेव्हा सामान्य लोक छोट्या दुर्बिणी ओळीने लावून बसायचे, आकाशात एक कुंपणच उभं करायचे, आणि उपग्रह ज्याच्या दुर्बिणीतून जाईल तो वेळ सांगायचा. तसंच तुम्ही एकट्याने करू शकता. जवळ जवळचे दोन तारे निवडा, त्यांना जोडणारी रेघ मनात ओढा, उपग्रहाने ती ओलांडली की स्टॉपवॉच दाबा, आणि मग ते स्टॉपवॉच इंटरनेटच्या अचूक वेळेशी मिळवा. तारे अजून ओळखता येत नसतील तर सप्तर्षी, मृग, स्वाती, अभिजित एवढ्यावर सुरू करा. आपल्या सीझनला त्यातलं काही ना काही वर असतंच.

काही महिन्यांत असं होणार की एक ठिपका सरळ जाताना दिसेल आणि ॲपमधे तो नसेल. आधी विमान नाही ना बघा, मग तारा नाही ना बघा, कारण अंधारात एकाच ताऱ्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा वाटतो, शेजारच्या ताऱ्याशी तुलना केली की लगेच कळतं. तरी हलत असेल तर वेळ आणि दोन ताऱ्यांमधली जागा लिहा आणि घरी येऊन स्टेलॅरियममधे तोच क्षण लावून बघा, बहुतेक वेळा एखादी जुनी रॉकेट बॉडी निघते जी ॲपने फिकट म्हणून दाखवली नव्हती. पण सगळंच सार्वजनिक यादीत नसतं, लष्करी उपग्रहांच्या कक्षा जाहीर करत नाहीत. एप्रिल २०१० मधे एक्स-३७बी हे अमेरिकन लष्करी यान पहिल्यांदा गेलं तेव्हा त्याची कक्षा गुप्त होती, आणि महिन्याभरात हौशी निरीक्षकांनी ते आकाशात शोधून कक्षा काढली, तीही बायनॉक्युलर, स्टॉपवॉच, साधे कॅमेरे आणि अशाच नोंदींवर. एका सेकंदाच्या चुकीने जागा सात-साडेसात किलोमीटरने चुकते, त्यामुळे बाहेर पडायच्या आधी घड्याळ मिळवून घ्या.